घाईमिस्त्रीची दुसरी जबानी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्राचार्य महाशय, स्मृतिग्रंथाचे संपादक, साहेबांचे चिरंजीव, पहिल्या रांगेत बसलेल्या बाईसाहेब, आजी-माजी प्राध्यापक, विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, आणि मागे सज्जाखाली दाटीने बसलेले, ज्यांना व्यासपीठ नीट दिसत नाही असे सर्व सज्जनहो,

वक्त्याची ओळख सूत्रसंचालकांनी करून द्यावी अशी पद्धत आहे. त्यांनी ती 'साहेबांचे एक जुने कामगार' अशी चार शब्दांत करून दिली. त्यांचा दोष नाही. त्यांना तेवढेच लिहून दिले होते. परंतु अध्यक्ष महोदय निवृत्त न्यायाधीश आहेत, आणि न्यायाधीशासमोर माणसाने आपली ओळख कशी द्यावी हे मला एकदा शिकवले गेले आहे. म्हणून ती मी स्वतः देतो.

या संस्थेत घाईमिस्त्री या नावाने ओळखला जाणारा मी, वय वर्षे शहाऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा गवंडीकाम, या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बांधकाम विभागात आणि नंतर प्रयोगशाळेत मिळून एकतीस वर्षे नोकरी, सध्या निवृत्त, राहणार मुलाच्या घरी, डावा डोळा अधू, कान आणि स्मरण शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना पुढीलप्रमाणे बोलतो.

काही जणांना हसू आले. येऊ द्यावे. घाईमिस्त्री हे नावच हसण्यासाठी ठेवलेले आहे. ज्या माणसाने एक वीट लावण्यापूर्वी ओळंबा तीनदा सोडला, ज्याच्या संथपणाला कंटाळून दोन ठेकेदार काम सोडून गेले, त्या माणसाला हे नाव का पडले, हाच आजचा विषय आहे. माझ्या खिशात एक छापील कागद आहे. साहेबांच्या चिरंजीवांनी तो मला परवा पाठवला. त्यात माझे भाषण आहे. तीन मिनिटांचे आहे आणि चांगले लिहिले आहे. 'साहेब नसते तर मी रस्त्यावर आलो असतो' हे वाक्य त्यात दोनदा आहे. चिरंजीव, आपल्या श्रमांबद्दल मी आभारी आहे. कागद खिशातच राहील.

प्रथम साहेबांविषयी बोलतो. ज्याची स्मृती जागवायला आपण जमलो, त्याचे मोठेपण आधी सांगावे, हा शिष्टाचार आहे. शिवाय ते खरेही आहे.

साहेब, म्हणजे तुम्हा विद्यार्थ्यांचे सर आणि या इमारतीचे अभियंते, ब्याण्णव वर्षे जगले. त्यांतील सत्तेचाळीस वर्षे मी त्यांना रोज पाहिले किंवा वरचेवर भेटलो. नकाशा उघडण्यापूर्वी ते हात धूत असत. मजूर उभा असेल तर साहेब खुर्चीवर बसत नसत. दुपारी एक वाजता ते जेवायला घरी जात. बाईसाहेब दाराशी उभ्या असत, आणि एक वाजून पाच मिनिटांपर्यंत त्यांना वाट पाहावी लागली असे एकदाही घडले नाही. त्यांच्या मातोश्रींचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा चार वर्षे साहेबांनी त्यांना स्वतःच्या हाताने भरवले. मुलाचा अभ्यास स्वतः घेतला. नकाशा वाचायला मला त्यांनी शिकवले, तेही असे की शिकवल्याचे मला जाणवू दिले नाही. म्हणायचे, "मिस्त्री, हे जरा बघा बरं, माझं कुठं चुकतंय का." बघता बघता मी शिकलो. असा शिक्षक मला चौथीपर्यंत मिळाला असता, तर मी चौथीवर थांबलो नसतो.

आणि भक्ती. काम सुरू होण्यापूर्वी साहेब एका कोपऱ्यात डोळे मिटून पाच मिनिटे उभे राहत. त्या पाच मिनिटांत मिक्सर बंद ठेवावा लागे. ठेकेदार कुरकुरत, पण साहेबांपुढे कोणाची बोलण्याची छाती नव्हती. त्यांचा प्रत्येक हुकूम लेखी असे. छोटी चिठ्ठी, वर देवाचे नाव, खाली काम, त्याखाली सही. तोंडी हुकूम त्यांनी कधी दिला नाही. म्हणत, "बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं देवापुढे राहतं."

स्मृतिग्रंथात चाळीस जणांनी लेख लिहिले आहेत. त्यांपैकी एकतीस जणांनी एकच वाक्य लिहिले आहे, की सर आयुष्यात कधी खोटे बोलले नाहीत. मी मोजले आहेत. अध्यक्ष महोदय, या वाक्याला माझा दुजोरा आहे. साहेब कधी खोटे बोलले नाहीत. ते काम माझ्याकडे होते.

आता कृपया कोणी उठू नये. मी हळू बोलतो, पण वाजवीपेक्षा जास्त वेळ घेणार नाही.

स्मृतिग्रंथाचे पान चौसष्ट. संपादक महाशयांनी स्वतः लिहिलेला लेख आहे. वाचतो. 'सभागृहाच्या बांधकामाच्या वेळी एका अर्धशिक्षित गवंड्याच्या घाईमुळे सज्जा कोसळला. परंतु करुणामूर्ती सरांनी त्याला केवळ क्षमाच केली नाही, तर प्रयोगशाळेत आश्रय दिला.' संपादक महाशय, चौथी म्हणजे अर्धे शिक्षण होत नाही. चौथी म्हणजे चौथी. ती मी पूर्ण केली आहे. बाकीच्या वाक्याकडे आता वळतो.

सभागृह म्हणजे हेच. सज्जा म्हणजे तो, मागे, तुमच्या डोक्यावरचा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तो भिंतीतून पुढे काढलेला होता, खाली एकही खांब नव्हता. नकाशा साहेबांचा. पाहणाऱ्याला वाटावे की हवेत तरंगतो आहे. असे काम ओतल्यावर त्याचे टेकू पूर्ण अठ्ठावीस दिवस काढायचे नसतात. हे इथल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत आहे, आणि मला ते ती मुले जन्मण्यापूर्वीपासून माहीत होते.

काँक्रीट ओतताना त्याच मालाचे सहा इंची ठोकळे भरून ठेवतात. सात दिवसांनी काही ठोकळे यंत्राखाली दाबून फोडतात. ठोकळा किती भार सोसतो त्यावरून वरचे काम कितपत पिकले ते कळते. ठोकळा म्हणजे कामाचा साक्षीदार. तो भरण्याचे काम माझे होते, आणि अध्यक्ष महोदय, माझ्यासारखे ठोकळे कोणी भरत नसे. लोखंडी साच्यात तीन थर, प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके, हा नियम. मी साठ देत असे. माल मी मिक्सरच्या तोंडाशी, पहिल्या धारेचा, निवडून घेत असे. ठोकळ्याच्या कडा अशा निघत की हात फिरवावा. लोक देव्हाऱ्यात मूर्ती ठेवतात, तसे मी ते हौदाच्या कठड्यावर ओळीने मांडत असे. त्या दिवशी मी खाली ठोकळे भरत होतो, आणि वर सज्जावर मजूर त्याच मालात बादलीने पाणी घालत होते, कारण घट्ट माल पुढे सरकत नव्हता. ते मला तेव्हा दिसले नाही, नंतर कळले. माझे लक्ष ठोकळ्यांकडे होते.

सातव्या दिवशी ठोकळे फोडले. यंत्राचा काटा इतका वर गेला की साहेबांनी तो दोनदा पाहिला.

पुढे असे झाले की उद्घाटनाला येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांनी आपली तारीख पंधरा दिवस अलीकडे आणली. सज्जाखाली टेकूंचे जंगल, आणि पाहुण्यांना त्याखालून यायचे. अकराव्या दिवशी सकाळी साहेब आले. आपल्या कोपऱ्यात पाच मिनिटे उभे राहिले. मग माझ्या हातात चिठ्ठी दिली. वर देवाचे नाव. खाली, 'आज सज्जाचे टेकू काढावेत.' त्याखाली सही.

मी म्हणालो, "साहेब, अठ्ठावीस दिवस झाले नाहीत."

साहेब म्हणाले, "तुमचे ठोकळे मी पाहिले, मिस्त्री. असे ठोकळे मी आजवर पाहिले नाहीत. आणि प्रार्थनेत मन अगदी शांत होतं."

आता या जागी मी थांबतो. एक्केचाळीस वर्षे मी या जागी थांबत आलो आहे. त्या क्षणी माझे कर्तव्य होते की म्हणावे, साहेब, ठोकळे मी भरलेत, सज्जा मजुरांनी भरलाय. एवढे एक वाक्य. परंतु चौथी शिकलेल्या माणसाची एवढ्या मोठ्या माणसाने तोंडावर स्तुती केली होती, आणि माझी छाती इतकी फुगली होती की त्या वाक्याला बाहेर यायला जागा उरली नाही. मी चिठ्ठी खिशात घातली.

टेकू काढण्याचे काम सेंट्रिंगच्या सुताराचे. सुतार म्हणजे माझे साडू. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना अक्षरओळख नाही, पण लाकडाशी बोलतील असे कारागीर. त्यांनी वर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साडूभाऊ, अकराव्या दिवशी? पोर अजून पाळण्यात आहे, आणि तुम्ही त्याला चालायला सांगताय?"

मी म्हणालो, "ठोकळे माझ्या हातचे आहेत. काढा."

चिठ्ठी खिशात होती. साहेबांचा हुकूम आहे, असे मी म्हणालो नाही. म्हणावेसे वाटले नाही. ठोकळे माझे होते ना.

त्यांनी रीतीप्रमाणे टोकाकडून भिंतीकडे टेकू काढायला घेतले. नवांपैकी सातवा टेकू काढताना सज्जाचे डावे टोक खाली आले. साडू टोकाखालून निसटले, परंतु उजवा पाय खाली अडकला. तो पुढे गुडघ्याच्या वर कापावा लागला. बाकी कोणाला इजा झाली नाही. धूळ बसल्यावर मी पाहिले तेव्हा साहेब सळयांमध्ये हात घालून त्यांना ओढत होते. त्यांच्या तळहातांवरचे व्रण मरेपर्यंत होते. हेही ग्रंथात आहे, आणि हेही खरे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला घरी बोलावले. पुढच्या खोलीत वेताच्या दोन खुर्च्या, कोपऱ्यात टेबल, टेबलावर त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांना गणिताची वही देऊन आत पाठवले. बाईसाहेबांनी चहा आणला आणि त्या दाराजवळ उभ्या राहिल्या. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "मिस्त्री, चौकशी समिती बसणार. मला खोटं बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी मला विचारलं तर मी खरं सांगणार. आणि मी खरं सांगितलं तर ही संस्था बंद होईल. तीनशे मुलं आहेत."

मी टेबलावरच्या चिठ्ठीकडे पाहिले.

"मला कोणी विचारू नये, एवढंच तुमच्या हातात आहे. तुम्ही आधी बोललात, तर मला विचारायची वेळच येणार नाही."

अध्यक्ष महोदय, आपण अनेक खटले चालवले असतील. सत्याच्या इतक्या काठावरून, पाय ओला न करता चालणारा माणूस आपण पाहिला आहे काय?

मी विचारले, "आणि माझं?"

ते म्हणाले, "तुमच्या नोकरीला धक्का लागू देणार नाही. आणि योग्य वेळी मी स्वतः सगळं दुरुस्त करीन. देवासमोर शब्द देतो."

मग त्यांनी चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. चहा निवला होता. मी तो तसाच प्यालो, कारण बाईसाहेब दाराशी उभ्या होत्या आणि चहा टाकून उठणे बरे दिसले नसते.

मी का ऐकले, असे कोणी विचारील. तीनशे मुलांसाठी म्हणालो तर ऐकायला बरे वाटेल. नोकरी राहिली, हे लपवत नाही. परंतु खरे कारण वेगळे होते. मला वाटले, ठोकळे तर माझेच होते. दोष कुठल्या ना कुठल्या वाटेने माझ्याकडेच येतो आहे, मग वाट कोणती याला काय महत्त्व? वाटेला महत्त्व असते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

समितीपुढे मी सांगितले की टेकू काढण्याचा निर्णय मी माझ्या मनाने, काम लवकर उरकावे म्हणून घेतला. कारकुनाने लिहून घेतले आणि शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, "पेन द्या." ती माझी पहिली जबानी. सही माझी, अक्षर वळणदार, मजकूर खोटा. साहेबांना समितीने सज्जाच्या नकाशाबद्दल विचारले, सिमेंटबद्दल विचारले. हुकूम कोणी दिला हे विचारले नाही. ते तर आधीच कळले होते.

आता परिणाम सांगतो, थोडक्यात सांगतो. रुग्णालयात साहेब आठ महिने दर रविवारी साडूंच्या खाटेजवळ जाऊन बसले. त्यांच्यासाठी प्रार्थना केली. नंतर त्यांना याच संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी दिली. साडू रोज सकाळी कुबडी बगलेत दाबून साहेबांना सलाम करीत. लोकांना सांगत, "देवमाणूस आहे, देवमाणूस." मी साहेबांच्या मागून त्याच फाटकातून आत जात असे, तेव्हा साडू वही उघडून बसत. वाचता येत नसताना. त्यांचे चुकत नव्हते. 'काढा' हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून ऐकला होता.

माझ्या मेहुणीने निरोप पाठवला की बहिणीने यावे, भाऊजींनी उंबरा चढू नये. माझी पत्नी म्हणाली, नवरा नको तिथे बायकोही नको, आणि ती गेली नाही. दोन सख्ख्या बहिणी, मध्ये तीन गल्ल्यांचे अंतर, आणि तीस वर्षे एकमेकींशी बोलल्या नाहीत. भाचीच्या लग्नाची वरात आमच्या दारावरून गेली. पत्नी खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती मला म्हणाली, "एवढी कसली घाई झाली होती हो तुम्हाला त्या दिवशी?" तिने आयुष्यात मला हा प्रश्न एकदाच विचारला. मी शब्द दिला होता, म्हणून उत्तर दिले नाही. अकरा वर्षांपूर्वी ती वारली. उत्तर न घेता वारली. मेहुणी अंगणापर्यंत आली होती, आत आली नाही.

आणि साहेब? साहेब दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक तास सज्जाचा धडा शिकवीत. सांगत, "एका मिस्त्रीनं घाई केली, आणि एका माणसाचा पाय गेला. घाई हे पाप आहे." माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही. प्रयोगशाळेचा मिस्त्री म्हणून मी त्याच तासाला ठोकळे घेऊन वर्गाच्या मागे उभा असे. मुले वळून पाहत. तेथेच माझे बारसे झाले. पंधरा वर्षे, पंधरा वेळा मी तो धडा उभ्याने ऐकला. हे वाक्य खोटे कसे म्हणता येईल? सबंध गोष्ट उद्घाटनाच्या घाईचीच होती. साहेबांनी फक्त 'मिस्त्री' आणि 'घाई' हे दोन शब्द जरा जवळजवळ ठेवले होते.

एक गोष्ट राहिली. पुढच्याच वर्षी मी साहेबांना सांगितले की ठोकळे मी भरणे बरोबर नाही. माझे ठोकळे खोटी साक्ष देतात. वर जो मजूर माल पसरतो आहे, त्यानेच, त्याच मालाचे, त्याच हाताने भरावेत. साहेबांनी कागद पुढे ओढला. मग चिठ्ठी लिहिली, आणि तेव्हापासून इथे तसे होते. ग्रंथात पान एकशे बारावर याला 'सरांची नमुना पद्धत' म्हटले आहे. म्हणजे वाटणी चोख झाली. माझी सूचना त्यांच्याकडे, त्यांची घाई माझ्याकडे.

सूत्रसंचालकांनी आता मला चिठ्ठी दिली आहे. 'वेळ संपली' असे लिहिले आहे. आभारी आहे. एकदा एका चिठ्ठीप्रमाणे वागलो, तेवढे पुरे.

साहेब जाण्यापूर्वी दोन महिने त्यांनी मला बोलावले. खाटेवर होते, आवाज बारीक झाला होता. हात धरून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही मला मनातून क्षमा केलीत ना?"

मी म्हणालो, "साहेब, क्षमेचं नंतर बघू. आधी लिहून द्या. बोललेलं वाऱ्यावर जातं."

साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. मी अर्धा तास बसलो. प्रार्थना संपेना, तेव्हा उठलो. आयुष्यभर त्यांनी अडचणीच्या वेळी हेच केले, आणि आयुष्यभर आम्ही मिक्सर बंद ठेवून वाट पाहिली. मी कठोरपणे वागलो असे कोणाला वाटेल. मलाही काही दिवशी वाटते. परंतु त्यांनी मागितली ती क्षमा. दुरुस्ती करतो असा शब्द दिला होता, त्याचे नाव त्यांनी काढले नाही. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पोपडे उडालेल्या भिंतीला रंग देणे आणि गिलावा नव्याने करणे यांत जेवढा फरक, तेवढा.

इथपर्यंतचे हे सर्व मी माझ्याबरोबरच घेऊन गेलो असतो. माझी नात याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षात शिकते. गेल्या महिन्यात ती जेवताना म्हणाली, "आजोबा, आज आम्हाला घाईमिस्त्रीचा धडा झाला. तुम्ही तेव्हा इथेच होतात ना? कोण होता हो तो?"

मी म्हणालो, "होता एक."

ती म्हणाली, "मूर्खच असणार."

तिच्या आजीने विचारले तेव्हा मी गप्प बसलो. नात विचारते तेव्हाही गप्प बसलो, तर ती उद्या अभियंता होईल, आणि तिला वाटेल की गवंड्याच्या घाईवर लक्ष ठेवले की काम भागले. तिला हे कळणार नाही की आपल्या हाताचा अभिमान घाईपेक्षा वाईट, आणि हातावर घेतलेला देखणा ठोकळा वरच्या सज्जाबद्दल काहीही सांगत नाही. धडा खोटा असेल तर पुन्हा कोणाचा तरी पाय जाईल. म्हणून मी या कार्यक्रमात बोलण्याची परवानगी मागितली. चिरंजीवांनी नाही म्हटले नाही, कागद मात्र पाठवला. त्याच संध्याकाळी बाईसाहेबांचा दूरध्वनी आला. त्यांनी दोनच वाक्ये सांगितली. "मिस्त्री, लिहून दिलेलं वाचू नका." आणि, "ती चिठ्ठी अजून त्यांच्या पुस्तकातच आहे."

ते पुस्तक आज इथे आहे. साहेबांच्या छायाचित्राशेजारी, काचेच्या पेटीत, फुलांमध्ये. साहेबांनी ते रोज उघडले. म्हणजे माझी चिठ्ठी त्यांनी एक्केचाळीस वर्षे रोज पाहिली. मी त्यांच्यावर रागावलो आहे, आणि रागावलेलाच राहीन, परंतु हे मला माहीत नव्हते आणि आता माहीत आहे, एवढे नोंदवतो.

चिरंजीव, आपण पेटीकडे पाहू नये. ती उघडा असे मी म्हणणार नाही. ती चिठ्ठी त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मध्ये राहिली, तेथेच असू द्यावी. मला कागद नको. मी जिवंत असताना माझ्या तोंडचा शब्द कागदावाचून चालत नसेल, तर कागदानेही चालणार नाही.

माझी विनंती एवढीच. पान चौसष्टवरील ते वाक्य खोडावे. त्याच्या जागी माझा दोष छापावा, पण माझा स्वतःचा. 'हुकूम साहेबांचा होता. तो ज्या ठोकळ्यांच्या भरवशावर दिला गेला, ते मिस्त्रीने गरजेपेक्षा चांगले भरले होते, आणि हे ठाऊक असून तो स्तुतीला भुलून गप्प राहिला.' एवढा मजकूर पुरे. जो दोष माझा आहे तो मला परत द्यावा. दुसऱ्याचा दोष मी पुष्कळ वर्षे सांभाळला. आता तो उतरवून ठेवतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, अध्यक्ष महोदयांनी घंटी हाताशी असून वाजवली नाही, ध्वनिक्षेपक कोणी बंद केला नाही, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात माझ्याकडून अधिकउणा शब्द गेला असल्यास वयाकडे पाहून माफ करावे. बाईसाहेबांना आजच्या दिवशी हे ऐकावे लागले, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. ठोकळ्यांबद्दल माफी मागतो. घाईबद्दल मागत नाही.

वरील जबानी मी स्वखुशीने, शुद्धीत, उभ्याने दिली. ती देताना समक्ष हजर असलेले साक्षीदार पुढीलप्रमाणे.

अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश महोदय.

पहिल्या रांगेत बाईसाहेब, ज्यांनी त्या सकाळी चहा आणला होता, आणि ज्या आता मान हलवून होय म्हणत आहेत.

सातव्या रांगेत माझी नात. तिने मान खाली घातली आहे. तिने ती वर करावी.

आणि अगदी मागे, सज्जाखाली, तो पडल्यानंतर टेकू म्हणून जो जादा खांब घातला, त्याच्याआड माझे साडू. नातीने त्यांना रिक्षाने आणले आहे. साहेबांचा कार्यक्रम आहे एवढेच त्यांना सांगितले होते. खांब मध्ये असल्यामुळे मी त्यांना दिसत नाही, आणि ते मला दिसत नाहीत. परंतु इतका वेळ झाला, कुबडी घेऊन कोणी बाहेर गेल्याचा आवाज आलेला नाही.